एंडोकार्डायटिस: पूर्ण उपचार शिरेतून, की मध्येच गोळ्या?

हृदयाच्या अस्तराला आणि झडपांना जंतुसंसर्ग झाला की साधारण चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, ही जुनी रीत. झडपेवर जंतू आणि फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचा) थर साचतो, त्यात पांढऱ्या पेशी नीट शिरत नाहीत. त्यामुळे औषधालाच सगळी लढाई लढावी लागते. शिरेतला डोस पुरता रक्तात उतरतो, हे या मार्गाचं बळ. पण कॅथेटरमधून (शिरेत बसवलेल्या नळीतून) नवा संसर्ग होण्याची भीती असते, आणि महिनाभर खाट सुटत नाही.

गोळ्यांची बाजू डेन्मार्कच्या 'पोएट' चाचणीने मांडली (2019). डाव्या बाजूच्या झडपांचा आजार असलेले, प्रकृती स्थिरावलेले 400 रुग्ण होते. मृत्यू, अचानक करावी लागलेली शस्त्रक्रिया, मेंदूत किंवा इतरत्र गेलेली गुठळी, पुन्हा रक्तात जंतू, यांपैकी काही घडलं ते शिरेतून उपचार घेणाऱ्यांत 12.1 टक्के आणि गोळ्यावाल्यांत 9 टक्के रुग्णांत. म्हणजे गोळ्या कमी पडल्या नाहीत.

मात्र अटी कडक होत्या. आधी किमान 10 दिवस शिरेतून औषध, ताप उतरलेला, अन्ननलिकेतून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) गळू नाही, आणि दोन वेगवेगळी अँटिबायोटिक्स एकत्र. ताप गेला म्हणून स्वतःहून गोळ्या मागणं किंवा डोस चुकवणं जिवावर बेतू शकतं. अटी पाळल्या जात असतील आणि नियमित तपासणीला येणं जमत असेल, तर मला गोळ्यांचा मार्ग पटतो. नसेल, तर शिरेतूनच.