गोदाकाठ की समुद्रकिनारा: नाशिककरांनी जागा घेण्यापूर्वी

गंगापूर रोडच्या बाजूला नदीजवळ प्लॉट घ्यावा की तेवढ्याच पैशांत दापोली-गुहागरकडे समुद्राजवळ जागा घ्यावी, असा विचार करणाऱ्याने एक फरक आधी ध्यानात घ्यावा: समुद्राकाठी नियम मुख्यतः अंतर मोजतो, तर नदीकाठी पाण्याची पातळी.

किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेनुसार समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतची जमीन नियमनाखाली येते. चौरस किलोमीटरला 2161 हून कमी लोकवस्तीच्या ग्रामीण भागात त्यांतले पहिले 200 मीटर ना-विकास क्षेत्र असते. ‘जागा दोनशेच्या बाहेर आहे’ असे एजंट ठासून सांगतो, मात्र त्यापुढेही घराला 9 मीटर उंचीची आणि तळमजला अधिक एक मजल्याची मर्यादा असते, हे सांगायचे राहून जाते. नियम मोडलेल्या बांधकामाचे काय होते, ते केरळातील मरडू येथे जानेवारी 2020 मध्ये दिसले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील निवासी इमारती जमीनदोस्त झाल्या आणि घरे गेली ती खरेदीदारांची.

नाशिकला भरती पोहोचत नाही, म्हणून येथे पूररेषा पाहायच्या. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषांमध्ये बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान 0.45 मीटर उंच हवे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून निर्धास्त होऊ नये: 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के असते, निळ्या रेषेच्या पुराची 70 टक्के. सप्टेंबर 2008 मध्ये सराफ बाजारात पाणी शिरले, ते पाहिलेल्यांना हे आकडे पटवून द्यावे लागत नाहीत. शिवाय जोते उंच असले तरी पार्किंग, पाण्याची मोटर, लिफ्टचा खड्डा आणि घरापर्यंतचा रस्ता खालीच राहतो.

माझे मत स्पष्ट आहे. कायम राहायचे असेल, तर नाशिकमध्येच, लाल रेषेच्या बाहेर जागा घ्यावी. कोकणात घ्यायचीच असेल, तर 500 मीटरच्या पलीकडे. या रेषा सातबाऱ्यावर सहसा दिसत नाहीत. त्यामुळे इसार देण्यापूर्वी गट क्रमांक पूररेषेच्या किंवा किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर तपासावा, आणि नदीकाठी मोजणीदाराकडून प्लॉटची पातळीही लेखी घ्यावी.