डीएमएलटीच्या (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीच्या डिप्लोमाच्या) अभ्यासासाठी स्वतःचा बायनॉक्युलर मायक्रोस्कोप : दहा महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र साधंच आहे. अंबाल्यात बनलेला एलईडी दिव्याचा बायनॉक्युलर, १०एक्सचे आयपीस (डोळ्याकडच्या लेन्स), ४, १०, ४० आणि १००एक्स ऑइल (स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून वापरायचं) असे चार ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडच्या लेन्स), ॲबे कंडेन्सर (दिव्याचा प्रकाश स्लाइडवर एकवटणारी लेन्स), मेकॅनिकल स्टेज (नॉबने स्लाइड सरकवता येणारा मंच). कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातले बहुतेक मायक्रोस्कोप एकाच धाटणीचे असतात आणि खालचं जवळपास सगळ्यांना लागू पडतं. जूनपासून मार्चपर्यंत, आठवड्याचे पाच दिवस, रोज तासभर तरी वापर झालाय.

डीएलसी (शंभर पांढऱ्या पेशींत कोणत्या प्रकारच्या किती, याची मोजणी) पक्का करायचा असेल तर पैसे वसूल होतात. नवख्याला एका स्लाइडवर १०० पांढऱ्या पेशी ओळखून मोजायला सहज अर्धा तास लागतो. वर्गात एका यंत्रामागे चार-पाच जण असले की तेवढा वेळ कुणालाच मिळत नाही. बायोकेमिस्ट्री आणि सिरॉलॉजीसाठी मात्र याचा काडीचा उपयोग नाही, तेव्हा सगळा अभ्यासक्रम यावर होईल अशा समजुतीत घेऊ नका.

पहिल्या महिन्यात बहुतेकांची एकच तक्रार असते : १००एक्सवर सगळं धुरकट दिसतं, लेन्स खराब आली. नव्या यंत्रात दोष बहुधा लेन्सचा नसतो, कंडेन्सर खाली राहिलेला असतो. ऑइलवर पाहताना कंडेन्सर पूर्ण वर आणि आयरिस (कंडेन्सरची प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ उघडा हवा. १००एक्सचं एनए (लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचं माप) १.२५ असतं. कंडेन्सर खाली असला तर तेवढ्या कोनातून प्रकाशच येत नाही, आणि न्यूट्रोफिलचे (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बारीक दाणे पुसले जातात. आयपीस काढून नळीत डोकावा : मागचा गोल साधारण तीन-चतुर्थांश उजळलेला दिसेल इतका आयरिस ठेवायचा. प्रकाश डोळ्यांवर आला तर दिव्याचं बटण कमी करायचं, कंडेन्सरला हात लावायचा नाही.

४०एक्सची गोष्ट वेगळी. हे ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिमी जाडीच्या कव्हरस्लिपसाठी (स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचेसाठी) बनवलेलं असतं, आणि आपला ब्लड स्मिअर (स्लाइडवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) तर उघडा. म्हणून ४०एक्सवर चित्र दुधाळ दिसतं. उपाय सोपा आहे : स्मिअरवर तेलाचा एक थेंब, त्यावर कव्हरस्लिप. लगेच पेशींच्या कडा उठून येतात. आणि १०एक्सवर फोकस होतोय, पण ४०वर काही केल्या होत नाही, तर आधी स्लाइड उलटी तर नाही ना, ते पाहा. ४०एक्स स्लाइडपासून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर फोकस होतं, स्लाइडच मिलिमीटरभर जाड असते. शंका आली की टोकावर नखाने हलकं खरवडून पाहावं. रंग निघाला तर ती स्मिअरची बाजू.

तेलाबद्दल एक नियम हाताला लावून घ्या : एकदा तेल टाकलं की मागे ४०वर फिरायचं नाही. ४०एक्सला तेल लागलं तर ते त्याच क्षणी लेन्स पेपरने टिपायचं. सीडरवुड तेल वाळून घट्ट होतं, त्यामुळे न वाळणारं सिंथेटिक इमर्शन ऑइल घेतलेलं बरं. रोजची सफाई कोरड्या लेन्स पेपरने. झायलीन कधीतरी, तेही पेपरचं टोक जेमतेम ओलं करून, कारण जास्त झालं तर लेन्स बसवलेला डिंक सुटतो. रुमाल, कापूस, ओढणी यांतलं काहीही चालत नाही.

आता रंग. यंत्र कितीही चांगलं असलं तरी लीशमन (रक्ताचा स्मिअर रंगवायचा, मिथेनॉलमध्ये बनवलेला स्टेन) बिघडला की पेशी ओळखता येत नाहीत. स्टेन ८ ते १० थेंब, २ मिनिटं. मग दुप्पट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ६.८, फुंकून मिसळायचं आणि ७ ते १० मिनिटं ठेवायचं. बफरऐवजी बोअरचं पाणी वापरलं तर ते अल्कधर्मी असल्याने सगळी स्लाइड निळी पडते. तांबड्या पेशी करड्या दिसतात आणि इओसिनोफिलचे (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) दाणे नारिंगी न राहता मळकट होतात. मग तो न्यूट्रोफिल म्हणून मोजला जातो. पाणी आम्लधर्मी असेल तर उलटं : तांबड्या पेशी भडक, केंद्रकं फिकी. धुताना स्टेन ओतून टाकायचा नाही. पाण्याच्या हलक्या धारेने वरचा तवंग वाहून जाऊ द्यायचा, नाहीतर तोच कण कण होऊन स्मिअरवर बसतो आणि प्लेटलेटसारखा भासतो. पावसाळ्यात स्टेनमधल्या मिथेनॉलने ओल धरली की तांबड्या पेशींत चकचकीत भोकं दिसू लागतात. तो आजार नव्हे. स्टेनची बाटली घट्ट बंद ठेवा.

मोजणी टेलच्या (स्मिअरच्या पातळ टोकाच्या) अलीकडे, जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे करायची, नागमोडी जात. साध्या ॲक्रोमॅट लेन्समध्ये फील्डची कड अस्पष्ट असते, म्हणून पेशी मध्यावर आणूनच ठरवा. मोठा लिम्फोसाइट की मोनोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशीच) असा घोळ पडला तर सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतीचा भाग) पाहा : मोनोसाइटचा धुरकट राखाडी, बऱ्याचदा त्यात पोकळ्या, लिम्फोसाइटचा स्वच्छ आकाशी, शेजारच्या तांबड्या पेशींनी दबलेला. त्याच स्लाइडवर एकदा न्यूट्रोफिल ५५ आणि दुसऱ्यांदा ६४ आले तर घाबरू नका. खरा आकडा ६० असला तरी १०० पेशींच्या मोजणीत निव्वळ योगायोगाने तो ५० ते ७०च्या दरम्यान कुठेही येऊ शकतो. म्हणूनच शंका असेल तिथे २०० पेशी मोजतात.

रक्ताचे नमुने घरी आणू नका. स्मिअर लॅबमध्येच करायचे, तिथेच रंगवायचे, लॅन्सेट (बोट टोचायची सुई) तिथल्याच पांढऱ्या शार्प्सच्या डब्यात टाकायची, आणि घरी फक्त रंगवलेल्या, वाळलेल्या स्लाइड न्यायच्या, त्याही परवानगीने. न्यूबॉवर चेंबरचा (पेशी मोजायच्या, चौकोन आखलेल्या काचेचा) सराव मात्र घरी होतो, यीस्टवर. चिमटीभर बेकरीचं कोरडं यीस्ट अर्धा लिटर कोमट पाण्यात ढवळून चेंबर भरा आणि तांबड्या पेशी मोजताना घेतात तसे मधल्या २५ पैकी ५ चौकोन ४०एक्सवर मोजा. इथे कंडेन्सर खाली, प्रकाश कमी, नाहीतर रेषाच दिसत नाहीत. चेंबरची कव्हरस्लिप जाड असते, म्हणून लेन्स खाली आणताना बाजूने नजर ठेवा. वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या पेशी घ्यायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या. एकच द्रावण लागोपाठ दोनदा भरून आकडे जुळतात का पाहा. जुळत नसतील तर ढवळणं किंवा भरणं चुकतंय.

यंत्राच्या खऱ्या उणिवा दोन. चौथ्या महिन्यापासून स्टेज आपोआप खाली सरकू लागलं, मिनिटाभरात फोकस जायचा. मोठ्या नॉबच्या आतल्या बाजूची टेन्शन रिंग थोडी आवळल्यावर थांबलं. दुसरं, ४० आणि १००एक्स एकमेकांशी नीट जुळलेले नाहीत, एकावरून दुसऱ्यावर गेलं की बारीक नॉबचा जवळजवळ एक फेरा द्यावा लागतो. घेताना दुकानातच स्लाइड लावून हे तपासा. डाग दिसला तर आयपीस फिरवा : डाग फिरला तर घाण आयपीसवर, स्लाइडबरोबर सरकला तर स्लाइडवर.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जूनच्या आधी झाकणाचा डबा आणि सिलिका जेल घ्याच. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजायचे, पुन्हा निळे होतात. लेन्सवर बुरशीची जाळी एकदा धरली की ती काचेचं आवरण खाते, आणि मग पुसून काही उपयोग होत नाही.