युद्धोत्तर जपान: आधी १९६० वाचावं की १९९५?
भाचीला प्रकल्पासाठी यातलं एकच वर्ष निवडायचंय. मी तीन गोष्टी पाहिल्या: धक्क्याचं कारण, सरकारचं वागणं आणि मागे काय उरलं.

१९६०चं संकट राजकीय. अमेरिकेशी सुरक्षा करार रेटायला पंतप्रधान किशींनी १९ मेच्या रात्री संसदेत पोलीस बोलावून विरोधी खासदारांना उचलून बाहेर काढलं. १५ जूनला कराराविरोधी आंदोलक आणि पोलिसांच्या चकमकीत विद्यार्थिनी मिचिको कांबा मरण पावली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला, किशी पायउतार झाले. करार मात्र टिकला. ऑक्टोबरात समाजवादी नेते असानुमा यांना १७ वर्षांच्या मुलाने भर सभेत भोसकून मारलं.

१९९५मध्ये जानेवारीत कोबेचा भूकंप, ६,४००हून अधिक मृत्यू. मार्चमध्ये टोकियोच्या मेट्रोत ओम शिनरिक्यो या पंथाचा सरीन या विषारी वायूचा हल्ला. भूकंपात सरकारी मदत उशिरा हलली (पंतप्रधान मुरायामा असानुमांच्याच पक्षाचे!), पण सामान्य लोक लाखोंनी धावले. त्यातूनच १९९८चा स्वयंसेवी संस्थांचा कायदा आला. माझ्या मते हे फार मोठं फलित आहे.

संसद, आंदोलन, सत्तेचा हट्ट समजून घ्यायचा असेल तर १९६० घ्यावं. आपत्ती व्यवस्थापन किंवा समाजकार्य शिकणाऱ्यांनी १९९५. भाची राज्यशास्त्राची, तिला १९६०च सुचवलंय.