‘मुखपृष्ठावर तुमचं बाळ’ असा मेसेज आला तर

आजच्या आयांसाठी लाइफस्टाइल मासिक काढतो, दर महिन्याला एका आईला बाळासकट मुखपृष्ठावर घेतो, असा मेसेज माझ्या जावेला इन्स्टाग्रामवर आला. तिनं लेकीच्या बारशाचे फोटो टाकले होते, ते बघूनच. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत एकत्र राहतो, त्यामुळं पुढचा सगळा तमाशा डोळ्यांदेखत झाला.

सुरुवात 999 रुपयांनी. ‘नोंदणी फी, निवड न झाल्यास परत.’ निवड अर्थातच झाली. मग मेकअप आणि फोटोशूटचे 6,500. ते शूट कधी झालंच नाही. घरचे फोटो चालतील म्हणाले, पैसे मात्र पॅकेजचेच.

खरी कमाई पुढं होती. मुखपृष्ठावर कोण, हे ‘वाचकांच्या मतांवर’ ठरणार आणि एका मताला 10 रुपये. लिंक आधी भावकीच्या ग्रुपवर गेली, मग माहेरच्या, मग गल्लीतल्या मंडळाच्या. सासूबाईंनी भिशीतल्या बायकांना सांगितलं. घरच्या लेकराला दहा मतं द्यायला नाही कोण म्हणणार? कागलच्या मामांनी तर एकदम हजाराची मतं टाकली आणि वर फोन केला, "पोरगी पयलीच आली पायजे!" पण पोरगी रोज रात्री दुसऱ्या नंबरावर घसरायची आणि लगेच मेसेज यायचा, ‘फक्त 40 मतं कमी आहेत.’ पहिल्या नंबरचं बाळ कुणाचं, हे कुणीच विचारलं नाही. विचारायची सोयही नव्हती म्हणा; एवढ्या लोकांचे पैसे लावल्यावर मधेच थांबायचं कुठल्या तोंडानं?

शेवटी पीडीएफ आली. मुखपृष्ठ झकास होतं. शाहूपुरीत छापखाना असलेल्या आमच्या चुलत दिरांना ती दाखवली, तर ते सरळ शेवटच्या पानावर गेले. "वहिनी, मालक-मुद्रक-प्रकाशक कोण ह्याचा? अमुक ठिकाणी छापून तमुक ठिकाणी प्रसिद्ध केलं, ही ओळच न्हाई की!" हे लोक तर अंक स्टॉलवर मिळतो म्हणून सांगत होते. छापील मासिकाची नोंदणी केंद्र सरकारच्या प्रेस रजिस्ट्रार जनरलकडं असते (पूर्वी आरएनआय म्हणायचे) आणि मासिकाचं नाव त्यांच्या वेबसाइटवर शोधता येतं. आम्ही शोधलं. नव्हतं.

मग पावती काढली. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो. ह्यांचा पत्ता मुंबईचा, नंबर 07 नं सुरू आणि अक्षरं 13. हे पैसे भरायच्या आधी दोन मिनिटांत कळलं असतं. फोटो मागणाऱ्याकडं आधी जुना छापील अंक मागा आणि नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा.

सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. जितक्या लवकर कराल तितकं बरं, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आला तरच काहीतरी हाताला लागतं. आमच्यातलं शेवटच्या हप्त्याचंच थोडं अडकवता आलं. तक्रारीला प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या पेमेंटचा ओळख क्रमांक, लागतो. मतं देणाऱ्या नातेवाइकांकडून तो गोळा करताना घराघरांत काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते इथं लिहीत नाही. आणि मासिकवाल्यांना जाब विचारायच्या आधी चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. जावेनं आधी चार शिव्या हासडल्या, तेवढ्यात त्यांनी इन्स्टाग्रामवरचे आपले सगळे मेसेज काढून टाकले.