पहिला टॅटू, कॉलेज रोड: पाचपैकी चार

आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन जत्रेत गोंदलेलं. त्या एकाच सुईने त्या दिवशी किती बायका गोंदल्या असतील, देव जाणे. मला मनगटावर तेच हवं होतं, फक्त सुई नवी! म्हणून या स्टुडिओत आधी नुसतीच बघायला गेले. टॅटू काढणारे दादा वैतागले नाहीत. सुईचं सीलबंद कार्ट्रिज, त्यावरची एक्स्पायरी दाखवून माझ्यासमोर फोडलं. शाई इवल्याशा टोपणात ओतली, टोपणात उरलेली नंतर फेकून दिली. मध्येच फोन वाजला, तो घेतला आणि परत बसण्याआधी ग्लोव्हज बदलले. तिथे मी निर्धास्त झाले, कारण हिपॅटायटिस बी, सी हे रक्तातून पसरणारे यकृताचे आजार सुई-ग्लोव्हजच्या निष्काळजीपणातूनही पसरू शकतात.

दुखलं का? हाडाजवळ चांगलंच. पाऊण तास, अडीच हजार रुपये.

एक स्टार कापला, कारण नंतरची काळजी सगळी तोंडी. सौम्य साबणाने धुवा, खपली काढू नका, दोन-तीन आठवडे पोहू नका. घरी येईपर्यंत निम्मं विसरले. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हे तर रक्तपेढीत गेल्यावरच कळलं.

आईने चष्मा लावून बघितलं. म्हणाली, "आईंचं जरा मोठं होतं गं."