उबंटू २२.०४ वरून २४.०४: सिस्टिम सुखरूप पोचते, बाहेरून आणलेलं सामान अडतं

उबंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर जाण्याला पाचापैकी चार गुण. कापलेला एक गुण अ‍ॅपइमेजसाठी (इन्स्टॉल न करता एकाच फाइलमधून चालणारे प्रोग्राम), त्याबद्दल पुढे.

अपग्रेडची मूळ यंत्रणा चोख आहे. डू-रिलीज-अपग्रेड ही कमांड आधी सगळी पॅकेजं उतरवून घेते, मगच ती बसवायला लागते. त्यामुळे जुलैच्या पावसात केबलवाल्याचं नेट मध्येच गेलं तरी नुकसान नाही, पुन्हा सुरू करायचं. पॅकेजं बसत असताना वीज गेली तर मात्र सिस्टिम अर्धवट राहते. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. अडकलंच तर रिकव्हरी मोडच्या रूट शेलमध्ये (पूर्ण अधिकारांनी कमांड द्यायची खिडकी) आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘एपीटी -एफ इन्स्टॉल’ चालवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

बॅकअपसाठी लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एक्स्टर्नल डिस्क सहसा एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटची असते. टाइमशिफ्ट या सिस्टिमचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला ती चालत नाही, तिच्यावर ईएक्सटी४ या लिनक्स फॉरमॅटचं पार्टिशन करावं लागतं. शिवाय टाइमशिफ्ट होम फोल्डर मुळातच वगळतं. त्याची कॉपी वेगळी घ्या, आणि त्यात लपलेलं थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामचं फोल्डर आलंय ना ते बघा. २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅप (सगळं एकत्र बांधलेलं, वेगळं ठेवलेलं पॅकेज) झालं आहे, त्याचं प्रोफाइल (मेल आणि सेटिंग्ज) आता स्नॅप फोल्डरच्या आत राहतं.

आता अ‍ॅपइमेज. डबल-क्लिक केलं आणि काहीच उघडलं नाही, तर कारणं दोन असू शकतात. पहिलं, फ्यूजची (अशी फाइल डिस्कसारखी उघडणारी यंत्रणा) जुनी लायब्ररी नाही. २४.०४ मध्ये त्या पॅकेजचं नाव ‘लिबफ्यूज२टी६४’. नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज चुकूनही बसवू नका. ते फ्यूज३ काढून टाकतं आणि त्याच्यासोबत डेस्कटॉपचे भागही जाऊ शकतात. दुसरं कारण सुरक्षेचं आहे. २४.०४ मध्ये अ‍ॅपआर्मर ही सुरक्षा यंत्रणा सामान्य प्रोग्रामना यूजर नेमस्पेस (प्रोग्रामला वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) वापरू देत नाही, आणि इलेक्ट्रॉन या वेब तंत्रज्ञानाच्या चौकटीवर बनलेल्या अ‍ॅप्सचा सँडबॉक्स (सुरक्षेचं कुंपण) त्यावरच उभा असतो. टर्मिनलमधून चालवलं की सँडबॉक्सची तक्रार स्पष्ट दिसते. यावर सिसकंट्रोल या सिस्टिमच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडने हा निर्बंध सगळ्या मशीनवरून उठवायचा उपाय सर्रास सुचवला जातो. एका अ‍ॅपसाठी दाराची कडी काढून ठेवण्यासारखंच आहे ते. त्या एका अ‍ॅपपुरतं ‘यूजरएनएस’ परवानगीचं अ‍ॅपआर्मर प्रोफाइल लिहा, चार-पाच ओळींचं काम आहे. हा बदल सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच, पण अपग्रेड करताना त्याची सूचना ठळकपणे मिळायला हवी होती.

पायथन ही प्रोग्रामिंग भाषा ३.१० वरून ३.१२ वर जाते. जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स (एकेका कामासाठी वेगळी ठेवलेली पायथनची मांडणी) त्यामुळे मोडतात, म्हणून आधी प्रत्येकीची पिप फ्रीझ यादी (बसवलेल्या पायथन पॅकेजांची) काढून ठेवा आणि नंतर ती नव्याने बनवा. सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिप इन्स्टॉल आता नाकारलं जातं. तिथे जबरदस्तीचा पर्याय वापरू नका.

नोम या डेस्कटॉपच्या ४२ आवृत्तीची एक्स्टेन्शन्स ४६ वर चालत नाहीत. नवी आवृत्ती आली असेल तरच. बाहेरचे पीपीए (इतरांनी ठेवलेले पॅकेजांचे साठे) अपग्रेडमध्ये बंद होतात. त्यांच्या फाइलमधलं ‘जॅमी’ (२२.०४ चं नाव) बदलून ‘नोबल’ (२४.०४ चं नाव) करा, पण त्या पीपीएमध्ये नोबलची पॅकेजं आहेत याची खात्री करूनच पुन्हा चालू करा.

मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्टवाल्यांना कीबोर्ड सेटिंग्जमध्ये मराठीचा लेआउट लगेच मिळतो. फोनेटिकवाल्यांनी (उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांतून टाइप करणाऱ्यांनी) ‘आयबस-एम१७एन’ पॅकेज आहे का ते पाहावं, नसेल तर बसवून लॉगआउट करून परत यावं. तोवर यादीत फोनेटिक दिसणारच नाही.

२२.०४ ला सुरक्षा अपडेट्स एप्रिल २०२७ पर्यंत आहेत. गिरगाव-दादरकडे कोणी स्क्रायबस या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये दिवाळी अंकाची पानं लावत असेल, तर अंक छापून बाहेर पडेपर्यंत त्या मशीनला हात लावू नये.