मायक्रोबलूनच्या नावाखाली खडूची भुकटी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आम्ही काही मित्र फोम आणि ग्लास फायबरचे दोन आसनी विमान बांधत आहोत. अमेरिकन विमान रचनाकार बर्ट रुटन यांनी १९७० च्या दशकात व्हॅरी-ईझ विमानासाठी रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे साच्याशिवाय फोम कापून त्यावर इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी चिकट राळ, आणि काचेचे कापड चढवले जाते. शेवटी कापडाची वीण आणि पृष्ठभागावरील खोलगट जागा भरण्यासाठी इपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे, कालवतात. याच मालात एका व्यापाऱ्याने आम्हाला फसवले. असे काम हाती घेणाऱ्या इतरांचे पैसे आणि त्याहून महत्त्वाचा त्यांचा जीव वाचावा, म्हणून हे लिहीत आहे.

व्यापाऱ्याने आधी पाठवलेला नमुना अस्सल होता. त्या भरवशावर पूर्ण रक्कम आगाऊ घेतली गेली आणि नंतर आलेल्या ड्रममध्ये निराळाच माल निघाला. दिसायला दोन्ही भुकट्या सारख्याच पांढऱ्याशुभ्र आणि मऊ असल्याने नजरेला काहीही कळत नाही. कळते ते वजनाला. सर्वांत हलक्या ग्रेडच्या काचेच्या गोळ्यांची घनता घन सेंटिमीटरला ०.१२५ ग्रॅम असते आणि ओतल्यावर गोळ्यांच्या मध्ये हवा राहत असल्याने एक लिटरच्या मापात ते शंभर ग्रॅमही भरत नाहीत, म्हणजे एक किलो माल ठेवायला बारा-तेरा लिटरची बादली लागते. ड्रममधील भुकटी त्याच मापात नमुन्याच्या कितीतरी पट भरली. ग्लासभर पाण्यात ढवळल्यावर खरे गोळे वर तरंगतात, परंतु या भुकटीचा बराचसा भाग तळाशी बसला. त्या गाळावर व्हिनेगर टाकताच तो फसफसला आणि भेसळ खडूच्या भुकटीची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, असल्याचे स्पष्ट झाले. तिची घनता २.७ असते. (शंखजिऱ्याची भेसळ असती, तर ती फसफसली नसती, म्हणून पाण्याची चाचणी टाळू नये.)

हा फरक केवळ पैशांचा नाही. दहा चौरस मीटरवर सरासरी एक मिलिमीटर थर द्यायचा म्हटले, तर दहा लिटर मिश्रण लागते. घट्ट कालवलेल्या मायक्रोचे, म्हणजे इपॉक्सी आणि मायक्रोबलूनच्या मिश्रणाचे, वजन त्यात पाच किलोच्या आसपास होते, तर खडू भरलेल्या पुट्टीचे सोळा किलोंच्याही वर जाते. शिवाय एलेरॉन किंवा एलेव्हेटर या पंखाच्या आणि शेपटीच्या हलत्या पृष्ठभागांवर बिजागरीच्या मागच्या बाजूला असे वजन वाढले, तर त्या पृष्ठभागाचा तोल बिघडतो आणि वेगात फडफड, म्हणजे फ्लटर, सुरू होऊन तो भाग काही क्षणांत तुटू शकतो. विमान बांधणाऱ्या गिऱ्हाइकाला असा माल विकणे मला निव्वळ लबाडी वाटत नाही, तो गुन्हा वाटतो.

त्याच व्यापाऱ्याकडून आलेले फ्लॉक्सही खोटे निघाले. फ्लॉक्स म्हणजे कोपऱ्यांच्या मजबुतीसाठी इपॉक्सीत घालतात तो सुती तंतूंचा भुगा. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या आमच्या शेजारच्या काकांनी चिमूटभर भुगा जाळून दाखवला. सूत जळून मऊ राख होते. येथे वितळून कडक मणी तयार झाले, म्हणजे त्यात पॉलिस्टर होते.

विचारणा केल्यावर “साहेब, ग्रेड बदलला आहे, काम तेच देईल,” एवढेच उत्तर मिळाले. बिलावर त्याने केवळ “फिलर पावडर” असे लिहिले होते आणि या दोन शब्दांच्या आडोशाने तो आता हात झटकतो आहे. म्हणून बिलावर उत्पादकाचे नाव, ग्रेड, घनता आणि बॅच क्रमांक लिहून घ्यावा, आणि मूळ सीलबंद पिशवी नसेल तर माल उतरवून घेऊ नये. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ड्रममधील माल आणि त्याचा मूळ नमुना दोन्ही सील करून ठेवले आहेत. तो व्यापारी मात्र अजूनही तोच अस्सल नमुना नव्या गिऱ्हाइकांना पाठवतो आहे.